गरिबीची कागदपत्रं

डेट्रॉइट शहराच्या उत्तर टोकाला, एट माईल रस्त्याजवळ, घरांच्या परसांमधून एक काँक्रीटची भिंत जाते. सहा फूट उंच, फूटभर जाड, जवळपास अर्धा मैल लांब. १९४१ साली एका बिल्डरने ती बांधली, ती कर्ज मंजूर व्हावं म्हणून. त्याला गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी नवी वसाहत उभारायची होती. शेजारी आधीपासून कृष्णवर्णीयांची वस्ती होती. ती इतकी जवळ असताना इथल्या घरकर्जांची हमी घ्यायला सरकारचं फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन तयार नव्हतं. मधे भिंत घातल्यावर हमी मिळाली. भिंत आजही उभी आहे. २००६ साली तिच्या काही भागावर रहिवाशांनी चित्रं रंगवली.

अमेरिकेतल्या वंशभेदाचं नाव निघालं की आपल्याला कापसाचे मळे आठवतात, चाबूक आठवतो, पांढरे बुरखे घातलेली माणसं आठवतात. ते सगळं घडलं. पण आज त्या देशात कोण खाऊनपिऊन सुखी आणि कोण कायमचा ओढगस्तीत, हे समजून घ्यायचं तर कर्जाचे अर्ज, खरेदीखतं, नियमपुस्तिका आणि नगरपालिकांचे ठराव वाचावे लागतात. गरिबीला कागदपत्रं असतात. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीवरून जिथे भाऊबंदकी दोन-दोन पिढ्या कोर्टात चालते, त्या मुलखातल्या वाचकाला हे वेगळं पटवून द्यायला नको. या वाचकाला जातीशी तुलना करण्याचा मोहही लगेच होईल. तो थोडा वेळ आवरावा. अमेरिकेची गोष्ट आधी तिच्या स्वतःच्या तपशिलांत पाहू.

१९२०च्या दशकापर्यंत अमेरिकेत कर्ज काढून घर घेणं मध्यमवर्गालाही जड जायचं. निम्मी किंमत रोख मोजायची, उरलेल्या रकमेवर पाच-सात वर्षं बहुतेक वेळा नुसतं व्याज भरायचं आणि मुदत संपली की मुद्दल एकरकमी. मंदी आल्यावर हा डोलारा कोसळला, घरोघरी जप्ती येऊ लागली. रूझवेल्ट सरकारने १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढून बुडणारी कर्जं आपल्या अंगावर घेतली आणि १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन केलं. या दुसऱ्या संस्थेने घरासाठी कुणाच्या हातावर एक डॉलर ठेवला नाही. तिने बँकांना एवढंच सांगितलं, की आमच्या नियमांत बसणारं कर्ज बुडालं तर नुकसान आम्ही भरून देऊ. बँकेच्या डोक्यावरची जोखीम उतरल्याबरोबर वीस आणि पुढे तीस वर्षांच्या मुदतीची कर्जं मिळू लागली, व्याज खाली आलं, पदरचे वीस टक्के आणि नंतर तर दहा टक्केही पुरू लागले. घराचा हप्ता भाड्याच्या पातळीवर आला. दारात मोटार, मागे हिरवळ, असा जो अमेरिकन मध्यमवर्ग आपण सिनेमांत पाहत आलो, त्याच्या पायाशी ही हमी आहे.

ती कुणाला द्यायची याची पुस्तिका होती. वस्ती स्थिर राहायची तर तिथली घरं त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाच्या ताब्यात राहिली पाहिजेत, असं ती मूल्यमापन करणाऱ्यांना बजावत होती. वंश आणि वर्ग ही जोडी तिथे एका दमात आली आहे. खरेदीखतांत वांशिक अटी असाव्यात अशी शिफारस होती आणि वस्तीला एखादा नैसर्गिक किंवा बांधलेला आडोसा असेल तर तो जमेस धरला जाई. डेट्रॉइटच्या बिल्डरने पुस्तिका लक्ष देऊन वाचली असावी.

या विषयावरच्या पुस्तकांत हमखास छापलं जाणारं चित्र वेगळं आहे. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा आणि लाल म्हणजे धोक्याचा भाग. नकाशे इतके बोलके आहेत की सगळा दोष त्यांच्यावर टाकणं सोपं जातं. पण आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अलीकडे दोन गोष्टी दाखवून दिल्या. या संस्थेची बहुतेक कर्जं नकाशे तयार होण्याआधीच वाटून झाली होती. भेदभावाचं मुख्य काम हमी देणाऱ्या संस्थेने तिच्या स्वतःच्या कागदांनिशी केलं. दुसरी गोष्ट अशी, की लाल भागांत राहणारे बहुसंख्य लोक गोरेच होते, गरीब आणि बरेचसे युरोपातून आलेले कामगार. मात्र त्या शहरांतल्या कृष्णवर्णीयांची जवळजवळ सगळी घरं लाल भागात होती.

हा दुसरा मुद्दा मला नकाशांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण वर्ग आणि वंश यांतला फरक तो नेमका पकडतो. लाल रंग गरीब गोऱ्यालाही लागला. पण त्याने चार पैसे गाठीला बांधले की तो हिरव्या भागात घर पाहू शकत होता. कृष्णवर्णीय डॉक्टरने पैसे बांधले तरी तो लालमध्येच. किंबहुना तो जिथे राहायला जाईल तो भागच लाल होई.

दुसरं महायुद्ध संपल्यावर या व्यवस्थेचं पीक आलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत विल्यम लेव्हिटने १९४७ पासून एकसारखी घरं धडाधड उभारायला सुरुवात केली. १९५१ पर्यंत सतरा हजारांच्या वर घरं झाली. १९४९ मध्ये त्यांतल्या एका घराची किंमत होती ७,९९० डॉलर. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला सरकारी हमीमुळे सुरुवातीला जवळजवळ काहीच भरावं लागत नसे आणि हप्ता महिना साठ डॉलरच्या आत. सुरुवातीच्या करारांत स्पष्ट अट होती, की या जागेत गोऱ्या वंशाबाहेरच्या कुणी राहायचं नाही. घरकाम करणारे नोकर अपवाद! खरेदीखतांतल्या अशा अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, तरी विक्रीचा रिवाज तसाच राहिला. १९६० मध्येही या लेव्हिटटाउन वसाहतीत कृष्णवर्णीय जवळजवळ नव्हतेच. तीच घरं आज पाच लाख डॉलरच्या वर जातात.

कृष्णवर्णीय सैनिकही त्याच युद्धातून परत आले होते. १९४४ चा सैनिक पुनर्वसन कायदा कागदावर कुणालाच वगळत नव्हता. पण हमी सरकारची असली तरी कर्ज स्थानिक बँकेकडून घ्यायचं होतं, आणि बँक मिसिसिपीत असेल तर पुढचं सांगायला नको. इतिहासकार आयरा कॅट्झनेल्सन यांनी एक आकडा नोंदवला आहे. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या शहरांत अशी ३,२२९ कर्जं दिली गेली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यांतली दोन आली.

आता आजच्या आकड्यांकडे येऊ. अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर तीन वर्षांनी घरोघरच्या मालमत्तेची पाहणी करते. सगळी घरं पुंजीप्रमाणे ओळीत उभी करून मधोमधचं घर पाहिलं, तर २०२२ मध्ये गोऱ्या घराची पुंजी होती २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय घराची ४४,९००. मिळकतीत तफावत आहे, पण एवढी नाही. कृष्णवर्णीय घराची वर्षाची मिळकत गोऱ्या घराच्या साधारण दोन तृतीयांश भरते. पुंजी मात्र एक षष्ठांश. पगार माणूस आपल्या हयातीत कमावतो, पुंजी त्याच्या जन्माआधीपासून साठत आलेली असते. १९४९ मध्ये घेतलेल्या घरावर १९७० मध्ये कर्ज काढून मुलाला कॉलेजात घातलं जातं, २००० साली ते विकून नातवाच्या घराची पहिली रक्कम भरली जाते. आजारपण आलं, नोकरी गेली तरी डोक्यावर छप्पर राहतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवायला हरकत नाही.

पुंजी नुसती नाकारली गेली असं नाही. जी जमत होती ती काढूनही घेतली गेली. त्याची रीत शिकागोत पाहावी.

१९५०-६० च्या दशकांत दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलसारख्या भागांत घर शोधत होती. नोकऱ्या होत्या, बचत होती, बँकेचं कर्ज मात्र नव्हतं. दलाल आधी गोऱ्या रहिवाशांत घबराट पसरवत. एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या गल्लीतून फिरायला लावलं की काम भागे. घाबरलेले लोक पडेल भावात घर विकून उपनगरात जात. दलाल तेच घर दुपटीने कृष्णवर्णीय कुटुंबाला विकी, तेही खरेदीखतावर नव्हे, हप्त्यांच्या करारावर. कराराची अट अशी, की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर. एक हप्ता चुकला तरी बाहेर काढायचा अधिकार त्याला, आणि तोवर भरलेले सगळे पैसे बुडीत. दुरुस्ती, कर, विमा मात्र राहणाऱ्याने बघायचं. मालकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या आणि भाडेकरूचेसुद्धा हक्क नाहीत, असा हा अजब प्रकार होता.

मिसिसिपीहून आलेल्या, महायुद्धात नोकरी केलेल्या क्लाइड रॉस यांनी १९६१ मध्ये असं घर घेतलं. किंमत २७,५०० डॉलर. विकणाऱ्याने ते सहाच महिन्यांपूर्वी १२,००० ला घेतलेलं होतं. रॉस यांची हकिकत पत्रकार टा-नेहिसी कोट्स यांच्या २०१४ मधल्या गाजलेल्या लेखामुळे जगभर पोचली. हिशेब मात्र त्या गल्लीत सगळ्यांचाच थोड्याफार फरकाने तोच होता. हप्ता चुकू नये म्हणून नवरा-बायको दोन-दोन नोकऱ्या करत, खोल्या पोटभाड्याने देत, छप्पर गळलं तर गळू देत. मुलं दिवसभर एकटी. थोड्याच वर्षांत वस्तीची रया जाई, आणि मग शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारे म्हणत, बघा, या लोकांना घर दिलं की ते त्याची काय दशा करतात. १९६८ मध्ये या खरेदीदारांनी एकत्र येऊन काँट्रॅक्ट बायर्स लीग स्थापन केली, हप्ते रोखून धरले. काहींना करार सुधारून मिळाले. कोर्टातले मोठे दावे मात्र ते हरले. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९ च्या एका अभ्यासात या पद्धतीने एकट्या शिकागोतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे तीन ते चार अब्ज डॉलर गेले असा अंदाज निघाला.

वर्णाने भेद करून घर नाकारणं १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात त्या कायद्यावर सही झाली. पण तोवर गाडी सुटून गेली होती. स्वस्त कर्जावर स्वस्त घर मिळण्याचा काळ संपला होता आणि किमती चढू लागल्या होत्या.

आता केंटकीकडे वळू, कारण वंशाची बाजू एकदा समजली की सगळंच तिच्यात कोंबायचा मोह होतो. संख्येने पाहिलं तर अमेरिकेतल्या गरिबांत गोरे कमी नाहीत. ॲपलॅचियन डोंगररांगांतल्या पूर्व केंटकीत तर गरिबीचा रंग गोराच आहे. १९६४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन गरिबीविरुद्धच्या आपल्या मोहिमेच्या प्रचारासाठी तिथल्या आयनेझ गावी गेले आणि एका कामगाराच्या घराच्या ओसरीवर बसून त्याच्याशी बोलले. ते फोटो अजून छापून येतात. त्या भागातल्या माणसांबद्दल बाकी अमेरिकेत आळशी, अडाणी, दारुडे अशीच टिंगल चालत आली आहे.

त्यांच्याही गरिबीला कागद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कोळसा कंपन्यांचे दलाल डोंगरातल्या शेतकऱ्यांकडे फिरले. जमीन तुमचीच राहू द्या, म्हणाले, खाली जे काही दगडगोटे असतील तेवढ्याचा हक्क आम्हाला द्या. एकराला अर्ध्या डॉलरपासून काही डॉलरपर्यंत भाव. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुलीची निशाणी केली. या खतांत आणखी एक ओळ होती: खनिज काढण्यासाठी कंपनीला जे सोयीचं वाटेल ते करण्याची मुभा. त्या काळी खाण म्हणजे डोंगरात खोदलेलं भुयार, वरच्या मक्याच्या शेताला फारसा धक्का नसे. पन्नास वर्षांनी बुलडोझर आले आणि डोंगराचा वरचा थरच खरवडून कोळसा काढण्याची पद्धत आली. शेतं, विहिरी, वाडवडिलांची थडगी, काहीही ढकलून द्यायला आजोबाने केलेली फुली पुरेशी आहे, असं केंटकीच्या कोर्टांनी मान्य केलं. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये नॉट काउंटीत ऑली कोम्ब्स नावाची साठी ओलांडलेली विधवा आपल्या घरामागच्या उतारावर बुलडोझरसमोर आडवी झाली. पोलिसांनी तिला उचलून नेलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण तिने तुरुंगात केलं. ती खतं निष्प्रभ करणारी घटनादुरुस्ती केंटकीच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने मंजूर केली, पण त्याला १९८८ उजाडलं. डोंगराखालून निघालेल्या संपत्तीचा फार मोठा भाग तोवर राज्याबाहेर गेला होता.

शिकागोचा हप्तेकरार आणि केंटकीचं खनिजखत शेजारी ठेवून वाचले तर अक्षर एकाच हाताचं वाटतं. दोन्हींत ज्याच्याकडे वकील आहे तो लिहितो, ज्याला गरज आहे तो सही करतो. मग या दोघांनी एकत्र येऊन का लढू नये? कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये याचं एक उत्तर दिलं होतं. गरीब गोऱ्या मजुराला पगार कमी मिळाला तरी त्याच्याबरोबर मानाचा एक वेगळा मोबदला मिळत होता: बागेत, शाळेत, पोलीस ठाण्यात त्याला गोरा म्हणून वागवलं जाई. तो मोबदला खिशात वाजत नव्हता, पण तो सोडायला माणूस तयार नव्हता. हे निदान मला अजून मोडीत काढता येत नाही.

आणि तरीही केंटकी म्हणजे शिकागो नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यात लाखो डोंगरी माणसं सिनसिनाटी, डेट्रॉइट अशा शहरांत कारखान्यांमध्ये कामाला गेली. त्यांच्या बोलण्याची चेष्टा झाली, घरमालकांनी नाकं मुरडली. पण बोलण्याचा हेल एका पिढीत जातो. मुलगा उपनगरात घर घ्यायला गेला तेव्हा त्याच्यासाठी कुणी भिंत बांधली नाही.

हा फरक आजही मोजता येतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोट्यवधी अमेरिकनांच्या करनोंदी चाळून २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शातल्या घरांत वाढलेल्या गोऱ्या मुलग्यांपैकी ३९ टक्के मोठेपणी त्याच हिश्शात राहिले, १० टक्के तळाच्या हिश्शात घसरले. तशाच श्रीमंत घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांत वर टिकले १७ टक्के, तळाला गेले २१ टक्के. बापाचा पैसा सारखा, पण तो मुलापर्यंत पोचेपर्यंत वाटेत गळतो. मुलींमध्ये हे चित्र दिसत नाही. सारख्या आर्थिक स्थितीत वाढलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलींची स्वतःची कमाई मोठेपणी जवळपास सारखी निघते. म्हणजे ‘त्यांच्या घरचं वळणच तसं’ हे लाडकं स्पष्टीकरण इथे लंगडं पडतं, कारण भाऊ आणि बहीण एकाच घरात वाढतात. मुलग्यांच्या बाबतीत काय होतं याचा एक अंदाज समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांच्या मिलवॉकीतल्या प्रयोगावरून येतो. त्यांनी तरुणांच्या जोड्या एकसारख्या अर्जांनिशी साध्यासुध्या नोकऱ्या मागायला पाठवल्या. तुरुंगवासाची नोंद दाखवलेल्या गोऱ्या तरुणांना १७ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. कोरी नोंद असलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के.

शाळांचं तर सरळ घरांशीच नातं आहे. अमेरिकेत सरकारी शाळेच्या खर्चाचा मोठा हिस्सा त्या त्या परिसरातल्या मालमत्ताकरातून येतो. १९६८ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या एजवुड या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतल्या पालकांनी याविरुद्ध दावा लावला. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होते, त्याच शहरातल्या सुखवस्तू अलामो हाइट्समध्ये ५९४. खरी गंमत, गंमत कसली म्हणा, करांच्या दरात होती. एजवुडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत होते आणि अलामो हाइट्सचे ८५ सेंट. गरीब वस्ती स्वतःला जास्त पिळून घेत होती आणि तरी तिच्या पोरांना कमी मिळत होतं, कारण पिळायला घरांची किंमतच नव्हती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दावा फेटाळला. शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, आणि या पद्धतीने गरिबांच्या एखाद्या ठरावीक वर्गावर घटनाबाह्य अन्याय होतो असंही म्हणता येत नाही, असा निकाल होता. काही राज्यांनी नंतर आपापल्या कायद्यांनी तफावत बरीच बुजवली, पण घराचा पत्ता आणि शाळा यांची गाठ सुटली नाही.

आणि इथे आपली माणसं येतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घर बघायला निघालेलं मराठी जोडपं आधी काय पाहतं? स्कूल डिस्ट्रिक्ट. शाळेचे गुण दहापैकी किती, हे विचारल्याशिवाय स्वयंपाकघराकडे बघितलंसुद्धा जात नाही. आईबाप म्हणून ते बरोबरच करतात. पण त्या गुणांत शिक्षकांच्या मेहनतीइतकाच परिसरातल्या घरांच्या किमतीचा हात असतो.

भारतीयांना या शिडीवर नेहमीच जागा होती असं नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, असं ठरवलं. मिळालेली नागरिकत्वंही काढून घेण्याची कारवाई सुरू झाली आणि नागरिकत्वाचा हक्क नसलेल्यांना जमीन घेता येऊ नये या कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा फास त्यांच्याभोवती आवळला. थिंद यांची बाजू लढवणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. आपण उच्चवर्णीय हिंदू, म्हणून आर्य, म्हणून गोरे, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता. जातीशी तुलना आवरा असं वर म्हटलं होतं. इथे ती आपल्याच लोकांनी कोर्टात नेऊन ठेवली. वर्णभेदाची भिंत पाडण्यापेक्षा तिच्या बऱ्या बाजूला जागा मागणं त्यांना सोयीचं वाटलं, आणि तेही मिळालं नाही.

भारतीयांसाठी दार नीट उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, नागरी हक्कांच्या चळवळीचा जोर असतानाच. त्या कायद्याने शिकलेल्यांना झुकतं माप दिलं. डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक गेले. खिशात फार डॉलर नव्हते हे खरंच, पण भारतीय करदात्याच्या पैशावर अल्प फीत मिळालेल्या पदव्या होत्या, घरी दोन-तीन पिढ्यांचं लिहिणं-वाचणं होतं. आणि ते घर घ्यायला निघाले तेव्हा १९६८ चा कायदा होऊन गेला होता. ज्यांनी त्या कायद्यासाठी मार खाल्ला त्यांच्याकडे पहिली रक्कम भरायला पैसे नव्हते. ज्यांच्याकडे पगाराची नोकरी होती ते नुकतेच विमानातून उतरत होते. आपण इथे शून्यातून उभे राहिलो, असं या पिढीतले लोक सांगतात. मेहनतीबद्दल वाद नाही. शून्याबद्दल आहे.

वंशाचं नाव घेता येईनासं झाल्यावर माणसांना वेगळं ठेवण्याचं काम वर्गाकडे आलं, आणि याचा सर्वांत स्वच्छ दाखला न्यू जर्सीतच आहे. माउंट लॉरेल हे फिलाडेल्फियाजवळचं शेतीचं गाव. तिथे काही कृष्णवर्णीय कुटुंबं कित्येक पिढ्या राहत होती. १९६० च्या दशकात उपनगरं पसरत आली, जमीन महागली, त्यांची जुनी घरं राहण्यालायक नाहीत म्हणून रिकामी करवली जाऊ लागली. एथेल लॉरेन्स या शिक्षिकेने आणि तिच्या शेजाऱ्यांनी ३६ साध्या सदनिका बांधायचा प्रस्ताव दिला. नगरपालिकेने १९७० मध्ये तो नाकारला. नियमांत वंशाचा उल्लेख कुठेही नव्हता. प्रत्येक घराला एवढी किमान जागा हवी, एवढं रुंद तोंड हवं, घरं स्वतंत्रच हवीत, एवढंच. ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांनी दुसरीकडे जावं, असं गावाच्या महापौरांनी त्या कुटुंबांना चर्चमध्ये येऊन सांगितलं होतं.

१९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियम बेकायदा ठरवले आणि कमी मिळकतीच्या लोकांसाठी घरांचा आपापला वाटा प्रत्येक विकसनशील गावाने उचलला पाहिजे, असं सांगितलं. गावांनी टाळाटाळ केली, १९८३ मध्ये कोर्टाने पुन्हा खडसावलं. एथेल लॉरेन्स १९९४ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची वसाहत २००० साली उघडली, दाव्याला जवळपास तीस वर्षं झाल्यावर. पुढे तिच्यात १४० घरं झाली. गुन्हे वाढतील, घरांचे भाव पडतील, कर चढतील अशी भीती शेजाऱ्यांनी सभांमधून घातली होती. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी पुढे दहा वर्षांचा हिशेब तपासला आणि २०१३ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. तिन्ही भीती खोट्या निघाल्या. वसाहतीत आलेल्या मोठ्यांची कमाई वाढली, मुलं चांगल्या शाळांत गेली. आसपासच्या बऱ्याच रहिवाशांना तर ही वसाहत तिथे आहे हेच माहीत नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये न्यू जर्सीने नवा कायदा करून २०३५ पर्यंत कुठल्या गावाने किती परवडणारी घरं बांधायची याचं गणित ठरवून दिलं. काही नगरपालिका लगेच कोर्टात गेल्या. बाकीच्या गावांत सुनावण्या होतात, बहुधा संध्याकाळी, सगळ्यांना खुल्या. वाहतूक वाढेल, शाळांवर ताण पडेल, गावाचं रूप बिघडेल, असे आक्षेप तिथे नोंदवले जातात, आणि आक्षेप घेणाऱ्यांच्या यादीत अलीकडे भारतीय आडनावंही आढळतात.